नागरी बँक: संचालक मंडळाचा तीन वर्षांचा आराखडा आणि आयटीची खरेदी यांचा मेळ कसा घालायचा?

मिरजेचा_सिस्टिमवाला

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका नागरी सहकारी बँकेत आयटी सांभाळतो. ठेवी 400 कोटींच्या आसपास, शाखा बाराएक. संचालक मंडळाने नुकताच तीन वर्षांचा आराखडा मंजूर केला. मोठ्या कॅश क्रेडिट (व्यापाऱ्यांच्या खेळत्या भांडवलासाठीचं कर्ज) खात्यांवरचा भार कमी करायचा, हळद-बेदाण्याच्या व्यापारातल्या लहान लोकांना कर्जं वाढवायची, सोनेतारण वाढवायचं, तरुण खातेदार आणायचे.

त्याच सभेत पुढचा विषय आयटीचा होता: मोबाइल अ‍ॅप, कर्जमंजुरीचं सॉफ्टवेअर, डॅशबोर्ड, चॅटबॉट. चारही गोष्टींची कोटेशन मागवा, एवढाच ठराव झाला. आधीच्या विषयाशी याचा संबंध काय, हे कुणी विचारलं नाही.

आजची स्थिती अशी: सीबीएस (सगळ्या शाखांची खाती सांभाळणारं मुख्य सॉफ्टवेअर) व्हेंडरच्या डेटा सेंटरमधून चालतं, यूपीआय-आयएमपीएस स्पॉन्सर बँकेमार्फत (मोठी बँक आम्हाला जोडून घेते), एटीएमचा स्विच (पैशाची मागणी बँकेपर्यंत नेणारी यंत्रणा) तिसऱ्याच कंपनीचा, सोन्याच्या मूल्यांकनाचा हिशोब एक्सेलमध्ये. पुढच्या सभेत टिपण ठेवायचं आहे. टोगाफच्या (आयटीची रचना मांडायच्या एका ठरावीक पद्धतीच्या) आकृत्या दाखवून संचालकांना काही कळणार नाही. सुरुवात कुठून करू?

गावभाग

अ‍ॅप आधी घ्या. तरुण पोरं शाखेत येत नाहीत, बाकीचं नंतर जुळवता येतं.

मुठेकाठची

गावभाग, अ‍ॅप लागेलच, पण ते पहिलं नाही. मी नागरी बँकांच्या सिस्टिम स्थलांतराची कामं बरीच वर्षं केली आहेत, त्यावरून सांगते.

दादा, आराखड्यातलं एकेक वाक्य घ्या आणि विचारा: हे व्हायचं तर बँकेतल्या कोणत्या माणसाला कोणता निर्णय वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागेल? तुमचं लहान कर्जांचं वाक्य बघा. 2 कोटींचं एक कॅश क्रेडिट असेल तर एकच फाइल, कर्ज समिती नीट वाचून निर्णय देते. तेच 2 कोटी 2 लाखांप्रमाणे वाटले की 100 फायली होतात. त्या समितीपुढे येऊच शकत नाहीत. मंजुरी शाखाधिकाऱ्यालाच द्यावी लागणार. म्हणजे समोर बसलेल्या माणसाचं आपल्या बँकेतलं सगळं कर्ज, तो कुणाकुणाला जामीन आहे, सोनं कुठल्या शाखेत ठेवलंय, चेक परत गेलेत का, हे त्याला तिथल्या तिथे दिसायला हवं.

आता तुमच्या सीबीएसमध्ये एखादा जुना व्यापारी शोधून बघा. एका शाखेत स्वतःच्या नावावर, दुसरीत एचयूएफ (एकत्र हिंदू कुटुंब) म्हणून, तिसऱ्या शाखेत भागीदार, चौथीत कुणाचा तरी जामीनदार. कस्टमर आयडी वेगवेगळे, जुन्या खात्यांना पॅन नाही. शाखा एकेक करून संगणकावर आल्या आणि प्रत्येकीने आपापले क्रमांक दिले, त्याचा हा परिणाम. मी पाहिलेल्या बहुतेक बँकांत हेच होतं.

आणि हा नियमांचाही प्रश्न आहे. एनपीए (थकलेलं कर्ज) खात्याप्रमाणे ठरत नाही, कर्जदाराप्रमाणे ठरतं. एक खातं थकलं की त्या कर्जदाराची बाकीची कर्जंही त्याच वर्गात जातात. नागरी बँकांनी निम्मी कर्जं लहान रकमेची ठेवावीत म्हणून रिझर्व्ह बँकेने 31 मार्च 2026 ची मुदत घातली. फेब्रुवारी 2025 मध्ये तिने लहान कर्जाची व्याख्या सुधारली: 25 लाख किंवा टियर 1 भांडवलाच्या (बँकेच्या स्वतःच्या मूळ भांडवलाच्या) 0.4 टक्के, यातलं जे जास्त ते, पण कमाल 3 कोटी. ही मर्यादासुद्धा दर कर्जदारामागे. एकाच माणसाचे तीन आयडी असतील तर तुमची आकडेवारी मुळातच चुकते, आणि मग डॅशबोर्ड ती चुकीची आकडेवारी रंगीत करून दाखवतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पहिला खर्च ग्राहक-नोंद एकत्र करण्यावर. माणूस ओळखून कर्ज देणं हीच तुमच्या बँकेची ताकद, ती नोंद दुसऱ्याच्या ताब्यात देऊ नका. बाकी नळ भाड्याने घ्या: यूपीआय, स्विच, सर्व्हर. ते उभारायची लहान बँकेची ऐपत नसते आणि गरजही नसते.

भाड्याने घेतलं तरी जबाबदारी मात्र जात नाही. जुलै 2024 च्या अखेरीस लहान बँकांना सिस्टिम पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा (डेटा अडवून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा) हल्ला झाला. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने त्यांची जोडणी तोडली आणि 300 च्या आसपास लहान बँकांचे ग्राहक यूपीआय-एटीएमविना राहिले. त्यातल्या किती बँकांच्या आराखड्यात ‘अशा दिवशी शाखेने काय करायचं’ हे लिहिलेलं असेल? पुण्यातलं कॉसमॉस बँकेचं प्रकरण तर सगळ्यांना माहीत आहे. ऑगस्ट 2018, हॅकर्सनी 94 कोटी पळवले. बनावट स्विचच परस्पर ‘पैसे द्या’ म्हणत होता, मागणी सीबीएसपर्यंत पोचतच नव्हती. पैसे द्यायला ‘हो’ म्हणण्याचा अधिकार कोणत्या यंत्रणेला आहे, हे संचालकांना समजेल अशा भाषेत लिहायलाच हवं.

मिरजेचा_सिस्टिमवाला

ताई, मनापासून आभार. दोन अडचणी आहेत. आयडी एकत्र करणं हे व्हेंडर ‘चेंज रिक्वेस्ट’ म्हणतो आणि त्याचे वेगळे पैसे मागतो. दुसरी अडचण जास्त अवघड. शाखाधिकारी तयार नाहीत. ‘हा माझ्या शाखेचा ग्राहक’ असं म्हणतात, कारण उद्दिष्ट शाखावार मोजलं जातं.

मुठेकाठची

दुसरी अडचण सुटली तरच पहिलीला अर्थ आहे. मेल्विन कॉनवे यांनी 1968 मध्येच लिहून ठेवलंय की संस्थेत माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तशीच तिची सिस्टिम घडते. शाखा एकमेकींशी बोलत नसतील तर आयडीही बोलणार नाहीत. दोन शाखांत व्यवहार करणाऱ्या ग्राहकाचा व्यवसाय वर्षभर दोघींच्याही उद्दिष्टात धरा. हा निर्णय संचालक मंडळाचा आहे, तुमच्या टिपणात तो आयटीच्या खर्चाच्या आधी यायला हवा.

व्हेंडरचं म्हणाल तर करार काढून बघा. ग्राहक, खाती, व्यवहार यांची प्रत रोज रात्री वाचता येईल अशा स्वरूपात बँकेला मिळते का? करार संपल्यावर काय मिळेल? नूतनीकरणाच्या वेळी हे दोन मुद्दे घालून घ्या. तोवर व्हेंडरकडून एकदा डेटा घ्या आणि एकत्रीकरण बाहेर, तुमच्याच मशीनवर करा. पॅन, आधारचे शेवटचे आकडे, मोबाइल, जन्मतारीख यांवर जोड्या शोधा. नावावर विसंबू नका. पाटील आणि जाधव तुमच्याकडे किती आहेत, ते तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे.

सीए_कोल्हापूर

मी एका नागरी बँकेचा संचालक आहे. ताईंना अनुमोदन. सभेत काय चालतं ते सांगतो. एकच पान द्या. डावीकडे आराखड्यातलं वाक्य, शेजारी बदलणारा निर्णय, मग त्यासाठी आज नसलेली माहिती, शेवटी जबाबदार अधिकाऱ्याचं पद. ज्या खरेदीसमोर डावीकडचा रकाना रिकामा, ती आपोआप बाजूला पडते. तुमच्या यादीतला चॅटबॉट तिथेच थांबेल. खर्च लिहिताना एएमसी (दरवर्षीचा देखभाल खर्च) धरून पाच वर्षांचा लिहा, नुसती पहिली किंमत नको. आणि विषय तुम्ही मांडू नका, कर्ज विभागाच्या प्रमुखांना मांडू द्या. आयटीने मांडलं की आम्ही फक्त कोटेशन बघतो.

मिरजेचा_सिस्टिमवाला

कर्ज विभागाच्या साहेबांशी उद्याच बोलतो. सुरुवात कर्जदारांपासून करू की ठेवीदारांसकट सगळ्यांपासून?

मुठेकाठची

कर्जदार आणि जामीनदार. जामीनदार आधी तपासा. बऱ्याच सिस्टिममध्ये त्यांना आयडीच नसतो, नुसतं नाव टाइप केलेलं असतं. ते कर्जाच्या कागदांवरून हाताने भरावं लागेल. शाखेतला जुना कारकून बरोबर घ्या, कोण कुणाचा मेहुणा ते त्याला ठाऊक असतं.