जेमर्सनसारखा बास: तारा, सेटिंग आणि आधी कोणती गाणी?

चौथी_तार
मोटाउन या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीची जुनी गाणी चांगल्या हेडफोनवर ऐकली आणि त्यांत बास वाजवणाऱ्या जेम्स जेमर्सनसाठी बास (गिटार) घेतला. चार तारांचा, ३४ इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी), प्रिसिजन पद्धतीचा पिकअप (तारेचं कंपन टिपणारा भाग). तारा बासबरोबर आलेल्याच आहेत, राउंडवाउंड (गोल तारेचा वेढा असलेल्या, खडबडीत), ४५ ते १०५ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). आवाज फार खणखणीत येतो, तो गोल ‘धुम्म’ काही येत नाही. शिवाय सगळ्यात जाड ई (E) तार पहिल्या तीन-चार फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) खरखरते, वर गेलं की साफ वाजते. तारा बदलू, सेटिंग करू की बोटांचाच दोष आहे? आणि सुरुवात जेमर्सनपासून करावी का? बासवादक मोहिनी डेचे व्हिडिओ पाहिले की स्लॅपही (अंगठ्याने तार ठोकून वाजवणं) शिकावासा वाटतो, बासवादक जाको पास्टोरियस ऐकला की फ्रेटलेस (फ्रेट नसलेला बास) घ्यावासा वाटतो.

मंद्रसप्तक
जेमर्सनचा आवाज कशातून यायचा ते आधी बघा, म्हणजे खरेदी कमी होईल. १९६२ चा फेंडर प्रिसिजन, त्यावर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीचा वेढा असलेल्या, गुळगुळीत) तारा (५२ ते ११०), आणि त्या तो तुटेपर्यंत बदलत नसे. ब्रिजवरच्या (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) स्टीलच्या झाकणाखाली फोम. उजव्या हाताची फक्त तर्जनी. आणि डेट्रॉइटच्या स्टुडिओत बास ॲम्पपुढे माइक न लावता थेट कन्सोलमध्ये (रेकॉर्डिंगच्या मिक्सरमध्ये) जायचा. मुळात जेमर्सन डबल बास (उभा, मोठा लाकडी बास) वाजवणारा. त्या हाताची ताकद आणि मोकळ्या तारा वापरायची सवय इलेक्ट्रिकवर आली.

तुम्ही ५२-११० घेऊ नका. ताण फार असतो, नवख्याची बोटं दुखतात आणि ११० ची तार १०५ साठी कापलेल्या नटच्या (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) खाचेत पूर्ण बसत नाही, वर तरंगते. ४५-१०५ च्या फ्लॅटवाउंड घ्या. एकेक तार बदला, चारही एकदम काढू नका. खुंटीच्या पुढे १०-१२ सेंटिमीटर जास्तीची तार ठेवा, आधी काटकोनात वाकवा आणि मगच कापा. न वाकवता कापली तर वरचं वेटोळं सुटतं आणि तार मेलेली वाजते. टोकाचा रेशमी गुंडाळा नटवर येणार नाही हेही पाहा.

फोम: मऊ स्पंजची दोन-अडीच सेंटिमीटर रुंद पट्टी ब्रिजला चिकटून तारांखाली सरकवा. तारांना जेमतेम टेकली पाहिजे. पिकअपकडे सरकवाल तितका सूर लवकर मरतो. टोन नॉब अर्ध्याच्या खाली. खणखणाट इथेच निम्म्याहून कमी होईल.

खर्ज_साधक
खरखरीचं उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. खालच्या फ्रेटवर खरखर आणि वर साफ, म्हणजे नेक (बासची मान) फार सरळ आहे किंवा किंचित मागे वाकलेली आहे. फक्त मोकळी तार खरखरली असती तर नटच्या खाचेवर संशय घेतला असता. बाराव्याच्या पुढे खरखरली असती तर सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) खाली आहेत असं म्हटलं असतं.

क्रम महत्त्वाचा: आधी तारा, मग ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई). फ्लॅटचा ताण सहसा जास्त, त्यामुळे नेक आपोआप थोडी पुढे येते आणि अर्धी खरखर तिथेच जाऊ शकते. नव्या तारा चढवून, सुरात लावून एक रात्र ठेवा.

मग मोजा. ई तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर, अशी दोन्हीकडे दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात साधारण ०.३ मिलिमीटर फट हवी. फट नसेलच तर ट्रस रॉड घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा, पुन्हा सुरात लावा, पुन्हा मोजा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. रॉड अडला तर जोर लावू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. तुटलेला रॉड बदलण्याचा खर्च साध्या बासच्या किमतीला भिडतो.

त्यानंतर बाराव्या फ्रेटवर तारेची उंची: ई २.५, सगळ्यात बारीक ‘जी’ (G) २ मिलिमीटरच्या आसपास. सगळ्यात शेवटी इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर जुळतो का ते). बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून वाजवलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. हे करताना फोम काढून ठेवा.

ताकधिमि
वाद्याचं झालं, आता हाताचं. एका बोटाने वाजवायचा हट्ट धरायचाच असेल तर निदान का ते कळू द्या: एकाच बोटामुळे प्रत्येक सुराचं वजन सारखं पडतं, आणि वरच्या तारेवरून खालच्या तारेवर येताना तेच बोट घसरत येतं, त्याने ती उतरती चाल सैल वाजते. पण मनगट ताठ ठेवून, बोट आकड्यासारखं वळवून तार उपटत बसलात तर आठवड्यात सांधा दुखेल. सुरुवातीला दोन बोटं आलटून-पालटून वाजवा.

डाव्या हाताला पाचव्या फ्रेटपर्यंत ‘एक फ्रेट, एक बोट’ लावू नका. ३४ इंच स्केलवर तिथे फ्रेट रुंद असतात. डबल बासची जुनी सिमांडल पद्धत घ्या: पहिलं, दुसरं, आणि तिसरं-चौथं मिळून एक. तीन फ्रेटचा पट्टा, गरज पडली की अख्खा हात सरकवायचा.

गाण्यांत पहिलं ‘माय गर्ल’. सुरुवातीला बास एकटाच आहे, त्यामुळे ऐकायला काही लपत नाही. मूळ सूर आणि पाचवा, बस. पण सूर किती वेळ धरला आणि कुठे सोडला ते तंतोतंत जुळवा. नवखे इथेच घसरतात, सूर बरोबर आणि लांबी चुकीची. मग ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ (१९७१). इथे मात्रेचे चार भाग मोजावे लागतात. आधी तोंडाने ‘ता-क-धि-मि’ म्हणत बास हातात न घेता ओळ गा, मग वाजवा. ‘फॉर वन्स इन माय लाइफ’ वर्षभर लांब ठेवा. त्यात कॉर्डमधला (एकत्र वाजणारे सूर) एक सूर अर्ध्या-अर्ध्या सुराने चढत जातो आणि बास क्वचितच तीच ओळ तशीच परत वाजवतो. पाठ करून उपयोग नाही. खालचा कॉर्ड कळल्याशिवाय ती ओळ हातात टिकत नाही.

उतरवून घेताना गाणं ७० टक्के वेगावर आणा आणि जमलं तर एक सप्तक वर चढवा, बास एकदम उघडा पडतो. फोनच्या स्पीकरवर हे करू नका. मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, तो स्पीकर तेवढं खाली जातच नाही. तुम्हाला फक्त वरचे स्वरांश ऐकू येतात आणि सप्तक चुकतं.

मेट्रोनोम चारही मात्रांवर नको, दुसऱ्या आणि चौथ्यावर ठेवा. ८० च्या लयीसाठी ४० लावायचा.

लो_बी
स्लॅप आणि जेमर्सन एकाच बासवर एकाच वेळी नको. स्लॅप रुळवला तो लॅरी ग्रॅहमने: आईबरोबर वाजवताना ड्रमर नव्हता, म्हणून अंगठ्याने बास ड्रमचा ठोका आणि बोटाने तार उपटून स्नेअरचा. त्याला तारेची टणटण हवी, जी फ्लॅट आणि फोम मिळून मारून टाकतात. मोहिनी डे वाजवते त्या वेगाने स्लॅप हवा असेल तर ताज्या राउंडवाउंड तारा आणि खाली ठेवलेली ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) लागते, म्हणजे वर सांगितलेलं सगळं उलटं.

जाकोचंही तसंच. त्याचा १९६२ चा जॅझ बास फ्रेट काढलेला, पण तारा राउंडवाउंड. त्या लाकडाची पट्टी खरवडतात, म्हणून त्याने पट्टीवर बोटींना लावतात त्या इपॉक्सीचा थर दिला होता. साध्या फ्रेटलेसवर राउंडवाउंड चढवल्या की काही महिन्यांत खाचा दिसतात. आणि कान तयार नसताना फ्रेटलेस म्हणजे चुकीचा सूर घोटून पक्का करणं.

पिक (तार छेडायची पातळ पट्टी) हातात असेल तर मात्र बासवादक कॅरल के जरूर ऐका. पिक, फ्लॅट तारा आणि ब्रिजजवळ तारांवर ठेवलेली फेल्टची घडी. जेमर्सनसाठी लावलेल्या तुमच्या बासवर तारा न बदलता हे जमतं.

चौथी_तार
फ्लॅट चढवल्या, पाव फेरा दिला, खरखर गेली. आवाजही बराच जवळ आला. पण फोम लावला की ‘जी’ (G) तार ट्यूनरवर थोडी चढी दिसते. ई ठीक आहे. सॅडल हलवू का?

मंद्रसप्तक
सॅडलला हात लावू नका. ‘जी’ तार बारीक आहे, तिला फोम खालून वर ढकलतोय, त्यामुळे ताण वाढतो. ‘जी’ आणि शेजारच्या ‘डी’ (D) तारेखालचा फोम कात्रीने तिरका कापा, ‘ई’ कडे उंच आणि ‘जी’ कडे सखल. टेकला पाहिजे, उचलता कामा नये. कापल्यावरही चढी राहिली तर फोमच कडक आहे. भांडी घासायचा नव्हे, पॅकिंगमधला मऊ घ्या.