नाताळला हॅम्पर नको, कोन्सुआदचं ताट (शेजाऱ्यांना पाठवायचं घरच्या गोडाचं ताट) द्यायचंय. 12 घरांसाठी काय, किती?

शेजारधर्म: मडगावात 12 शेजारी. दरवर्षी बाजारातले हॅम्पर जातात: वर सेलोफेन, आत पुठ्ठा आणि मूठभर चॉकलेटं. शिवाय कोणी केवढ्याचं दिलं याचा हिशेब वेगळाच. यंदा घरचं गोड द्यायचंय, पण करणारे दोघेच. काय निवडावं?

खोबरेल: बेबिंका सोडा, थर भाजता भाजता दिवस जाईल. नेवऱ्या (करंज्या), कुलकुल (शंखासारखे वळून तळलेले गोड तुकडे), दोदोल (गूळ-नारळाची मऊ वडी), दोस (चणाडाळ-खोबऱ्याची वडी) एवढं पुरे. ताटाला 4 नेवऱ्या, दोदोल-दोसच्या दोन-दोन वड्या, 50 ग्रॅम कुलकुल. म्हणजे 48 नेवऱ्या. फुटतील त्या धरून पाऊण किलो मैदा भिजवा.

कुलकुल दहा दिवस आधी करून पत्र्याच्या डब्यात भरा. तेल कडकडीत नको, वरून काळपट होतात आणि आत कच्चे राहतात. दोदोल चार दिवस आधी: अर्धा किलो तांदळाचं पीठ, किलोभर माडाचा गूळ, पाच नारळांचं दूध. तेल सुटून गोळा कढई सोडेपर्यंत ढवळत राहायचं. हात दुखले म्हणून आधी उतरवलात तर चिकट राहतो आणि लवकर बुरशी धरतो. नेवऱ्या 23 तारखेला. सारणातलं खोबरं कोरडं होईपर्यंत परता, नाहीतर दोन दिवसांत वास येतो.

जुनी_वही: दोदोल नेवऱ्यांना टेकवू नका, मधे केळीच्या पानाचा तुकडा ठेवा. तेल लागून पारी मऊ पडते. कुलकुलात बरेच जण अंडं घालतात. शाकाहारी घरांसाठी नुसत्या नारळाच्या दुधात पीठ मळा. आणि ज्या घरात यंदा दुःख झालंय, तिथे गोड करत नाहीत. त्यांचं ताट पहिलं. कोन्सुआद हा पोर्तुगीज शब्द मुळात सांत्वनाशीच जोडलेला आहे.

शेजारधर्म: पण ताट दिलं की परतफेडीचं ओझं आलंच ना?

खोबरेल: येतंच. दिवाळीला तुमच्याकडे फराळ आला होता, त्याचीच ही परतफेड. फक्त नेवरीवर किमतीचं लेबल नसतं.

काउंटर_4: ऑफिसात मात्र साहेबाच्या हॅम्परसाठी वर्गणी सक्तीचीच. 1912 साली न्यू यॉर्कमध्ये नेमक्या याच सक्तीविरुद्ध नोकरदार बायकांची संघटना उभी राहिली होती. पुढे अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टही तिचे सदस्य झाले.

जुनी_वही: ऑफिसला कुलकुलचा एकच मोठा डबा न्या, टेबलावर उघडा ठेवा. चिठ्ठी लावू नका.