मदत हवी आहे: कारवान कुत्रा पट्ट्यातून निसटतो, हाक ऐकत नाही

धागाकर्ता:
नर कारवान, वय १० महिने, वजन २३ किलो. घर सोलापूरच्या बाहेर, पाठीमागे माळ, कंपाउंडची भिंत ५ फूट. शेळी, मांजर, ससा काहीही हललं की सुटतो. परवा साधा चामडी पट्टा डोक्यावरून काढून पळाला. खातो बरं, तरी बरगड्या दिसतात. शेजारी म्हणतात उपाशी ठेवता. पट्टा कोणता घ्यावा, पळवावं किती, आणि हाकेला येईल असं काय करावं?

माळरान:
आधी पट्टा, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. कारवानाचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं. तो मागे रेटला की बकलचा पट्टा सरळ कानांवरून निघतो. घट्ट केला तर श्वासनलिकेवर ताण येतो. मार्टिंगेल पट्टा (दोन कड्यांतून ओवलेला, दोरी ताणली की ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा) घ्या, दीड ते दोन इंच रुंद, आणि कानांच्या लगेच मागे, मानेच्या वरच्या भागात बसवा. दोरी ताणली की दोन्ही कड्या एकमेकींना टेकता कामा नयेत. टेकल्या तर पट्टा सैल आहे, तो निघणारच. कुत्रं एकटं सोडताना मार्टिंगेल काढून ठेवा, कुठे अडकला तर फास बसतो.

आपोआप गुंडाळणारी दोरी या जातीला नकोच. चार-पाच मीटरमध्येही तो चांगला वेग धरतो आणि दोरी संपते तिथे सगळा झटका मानेवर बसतो. रोजच्या फिरण्याला दीड-दोन मीटरची पट्टीदोरी पुरे. दहा मीटरची लांब दोरी लावायची तर ती हार्नेसला (छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांना), गळ्याच्या पट्ट्याला कधीच नाही. हार्नेसही बरगड्यांच्या मागे तिसरा पट्टा असलेला बघा, दोन पट्ट्यांच्या हार्नेसमधून ते उलटं सरकून निघतात.

पाच फूट भिंत कमी आहे. सहा तरी करा, आणि भिंतीला टेकवलेले ड्रम, विटा, लाकडं आधी हलवा. तो उडी मारण्यापेक्षा त्यावर पाय देऊन जातो. काटेरी तार लावू नका. धावताना ती त्याला दिसत नाही आणि कातडी इतकी पातळ असते की कापडासारखी उभी फाटते. आधीच लावलेली असेल तर काढा, निदान तोवर दर हातभर अंतरावर पांढऱ्या चिंध्या बांधा.

पश्मीप्रेमी:
हाकेबद्दल लिहितो. हा नजरेने शिकार करणारा कुत्रा आहे, एकदा नजर बसली की आवाज पोचत नाही. त्यामुळे हाक त्याच्या आधी हवी. कान उभे, मान ताठ, एक पाय वर, एवढं दिसलं की दोन सेकंद हातात असतात. शिट्टी तेव्हाच. शिट्टीची किंमत आधी घरात तयार करा: प्रत्येक जेवणाची वाटी ठेवताना तीच शिट्टी, मग अंगणात, मग लांब दोरीवर माळावर. आला की उकडलेलं चिकन किंवा अंड्याचा तुकडा लगेच. पळून परत आल्यावर रागवलं तर पुढच्या वेळी येणार नाही. निसटलाच तर मागे धावू नका, उलट्या दिशेला पळा.

बंद जागा मिळाली तर दिवसातून दोनदा १०-१५ मिनिटं मोकळं धावणं, आधी दहा मिनिटं चालवून. शिवाय सहा-सात फुटी बांबूच्या टोकाला दोरी आणि तिला चिंधी बांधून पाच मिनिटं खेळवा, अधूनमधून पकडू द्या. घट्ट गोल फिरवू नका, गुडघ्यांवर ताण येतो. मोटारसायकलमागे पळवण्याची सवय आपल्याकडे फार आहे. या वयात ती हाडांची वाट लावते, वाढ अजून चालू आहे. उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत आणि अंधार पडल्यावरच.

ससा धरू द्यायचा विचार कोणी मांडला तर सरळ नकार द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कुत्रे सोडून वन्यप्राण्याचा पाठलाग हीही शिकारच आहे.

माळरान:
बरगड्यांचं घाबरू नका. शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कंबरेच्या हाडांची टोकं दिसणं या जातीत योग्य आहे. पाठीचे मणके टोकदार दिसले तर कमी आहे. नुसती भाकरी-दूध पुरत नाही, रोज अंडी किंवा मांस हवं. शिजवलेली हाडं, कांदा, मनुका नको. दोन वेळा खाऊ घाला, खाल्ल्यावर दोन तास पळवू नका, पोट फुगून जिवावर बेततं. चरबी नसल्याने कोपरांना घट्टे पडतात, झोपायला तीन इंची गादी द्या.

धागाकर्ता:
मार्टिंगेल आजच मागवतो. नसबंदी करायची आहे, डॉक्टरांना आधी काही सांगावं लागेल का?

पश्मीप्रेमी:
हो. चरबी कमी असल्याने आणि औषध शरीरात सावकाश मोडत असल्याने या वर्गातल्या कुत्र्यांना थायोपेंटल हे भुलीचं औषध जड जातं, शुद्धीवर यायला फार वेळ लागतो. प्रोपोफॉलने किंवा गॅसने करता येईल का विचारा, आणि ताजं वजन करून डोस काढायला सांगा. ऑपरेशनआधी रक्त तपासा. ग्रेहाउंडसारख्या कुत्र्यांचे प्लेटलेट मुळातच थोडे कमी आणि रक्तात लाल पेशींचं प्रमाण जास्त असू शकतं, पण आपल्याकडे गोचिडतापातही प्लेटलेट उतरतात. ताप, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त किंवा जेवण सोडलेलं यांपैकी काही असेल तर ऑपरेशन पुढे ढकला. शुद्धीवर येईपर्यंत अंगावर पांघरूण ठेवा, ही कुत्री लवकर गार पडतात.