शार्क्सची नवी बांधणी : कोणाला ठेवायचं, कोणाला जाऊ द्यायचं?

फ्रीमाँटचा_बाबा

नमस्कार मंडळी. २०२५-२६ चा सीझन तोंडावर आलाय आणि एक प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून इथे विचारतो. माझी लेक, तरुण स्टार सेलेब्रिनी आल्यापासून, बर्फावरच्या हॉकीतल्या (एनएचएल लीग) सॅन होजे शार्क्सची पक्की चाहती झाली आहे. पण तिचा सगळ्यात लाडका खेळाडू मारिओ फेरारो. पक कितीही जोरात येवो, तो अंग आडवं घालतो, म्हणून. त्याचा करार २०२६ च्या उन्हाळ्यात संपतोय. "बाबा, त्याला ठेवतील ना?" याला काय उत्तर देऊ?

आकडे बघायला बसलो तर गोंधळ आणखी वाढला. फेरारो, लेडी, क्लिंगबर्ग, लिलिएग्रेन, डेहार्ने, म्हणजे जवळजवळ अख्खी बचावफळी येत्या उन्हाळ्यात करार संपून मोकळी होते. सेंटर (आक्रमणात मधोमध खेळणारा) वेनबर्गसुद्धा. सलग दोन वर्षं लीगमध्ये शेवटचा नंबर आलेल्या टीमने ३४ वर्षांच्या ऑर्लोव्हला वर्षाला ६५ लाख डॉलरवर आणलंय. शिवाय गोली (गोलकीपर) कॅरी प्राइसचा करार घेतलाय, जो २०२२ नंतर एकही मॅच खेळलेला नाही. टीम तरुण पोरांची बांधायची आहे ना? मग ही सगळी भरती कशासाठी? आणि कोणाला ठेवायचं हे ठरवतात तरी कशावरून?

विलोग्लेन_काकू

बाबा, प्रश्न फार चांगला विचारलात. जरा सविस्तर लिहिते, कारण या विषयावर मी घरच्यांचं डोकं खाऊन झालंय.

माझं मत आधी सांगते. खेळाडूला पैसे किती दिले यापेक्षा वर्षं किती दिली, ते बघा. टीम जास्त पैशांनी बुडत नाही, जास्त वर्षांनी बुडते. हे आम्ही सॅन होजेवाल्यांनी डोळ्यांदेखत पाहिलंय.

२०१६ मध्ये शार्क्स पहिल्यांदाच स्टॅनली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, फायनलला पोचले आणि पिट्सबर्गने सहाव्या मॅचमध्ये आमच्याच सॅप सेंटरमध्ये कप उचलला. त्यानंतर एकच ध्यास होता, हीच माणसं धरून ठेवायची आणि पुन्हा तिथवर जायचं. बर्न्सला आठ वर्षं, वर्षाला ८० लाख. व्लासिकला आठ वर्षं, ७० लाख. कुटूरला आठ वर्षं, ८० लाख. २०१९ मध्ये एरिक कार्लसनला आठ वर्षं, १ कोटी १५ लाख. चौघांचे मिळून ३ कोटी ४५ लाख डॉलर, आणि अख्ख्या टीमची सॅलरी कॅप, म्हणजे पगारांवरच्या खर्चाची मर्यादा, होती ८ कोटी १५ लाख. वीस-बावीस जणांच्या टीममध्ये चारच माणसं चाळीस टक्क्यांहून जास्त पैसा घेऊन बसली. सगळे तिशीला टेकलेले किंवा तिशी ओलांडलेले. त्यात कोविड आला आणि कॅप तीन सीझन तिथल्या तिथे थांबली. २०१९ नंतर आपण प्लेऑफ पाहिलेले नाहीत.

या चौघांपैकी एकही वाईट खेळाडू नव्हता हो. कार्लसनने २०२२-२३ मध्ये १०१ पॉइंट (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) केले आणि सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी घेतली. तरी त्या उन्हाळ्यात त्याला पिट्सबर्गला द्यायचं तर पगारातले १५ लाख आपल्याच डोक्यावर ठेवावे लागले, दरवर्षी, २०२७ पर्यंत. २००६ पासून इथेच खेळलेल्या व्लासिकचं शेवटचं एक वर्ष राहिलं होतं, त्याचा या जूनमध्ये बायआउट केला (पगाराचा काही भाग देऊन करार मोडला), आणि त्याचा भार आता दोन सीझन वाहायचा. कुटूरला दुखापतीने थांबावं लागलं, करार मात्र २०२७ पर्यंत आहे.

सगळ्यात जास्त जिवाला लागला तो हर्टल. मार्च २०२२ मध्ये आठ वर्षांचा करार केला तेव्हा मी आनंदाने रडले होते. दोन वर्षांनी मार्चमध्ये, ट्रेडच्या (खेळाडूंच्या अदलाबदलीच्या) शेवटच्या दिवशी तो वेगासला गेला, आणि त्याच्या पगाराचा थोडा भाग शार्क्स २०३० पर्यंत भरणार आहेत. पण त्याच्या बदल्यात आलेला तरुण एडस्ट्रॉम आणि वेगासचा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट पिक (नव्या खेळाडूंमधून निवड करायचा हक्क) नॅशव्हिलला देऊनच आपला जनरल मॅनेजर ग्रिअरने आस्कारोव्ह आणला. आज आपल्याकडे पुढची दहा वर्षं खेळू शकेल असा गोली आहे तो या वाटेने. मला हर्टल अजूनही हवा होता, आणि त्याला सोडणं बरोबर होतं. दोन्ही खरं.

आता तुमचा ऑर्लोव्ह. ६५ लाख पाहून दचकू नका, करार दोनच वर्षांचा आहे. कॅप या सीझनला ९ कोटी ५५ लाख, पुढच्या वर्षी १० कोटी ४० लाख, त्यापुढे ११ कोटी ३५ लाख होणार आहे. सेलेब्रिनी, स्मिथ, मीसा, डिकिन्सन ही तरुण पोरं नवख्यांच्या ठरलेल्या पगारावर आहेत. म्हणजे आज पैसा आहे, आणि तो साठवून पुढच्या वर्षाला नेता येत नाही. मग १९ वर्षांच्या डिकिन्सनशेजारी उभं राहून त्याला शिकवणारा, कप जिंकलेला माणूस दोन वर्षांसाठी आणला तर बिघडलं काय? स्मिथच्या मोठ्या कराराची वेळ येईल तेव्हा ऑर्लोव्हचं खातं बंद झालेलं असेल. क्लिंगबर्ग, स्किनर एकेक वर्षाचे. लेडी तर वेव्हर्सवरून, म्हणजे जुन्या टीमने सोडल्यावर उचललेला, फुकट आला. ही माणसं मार्चपर्यंत नीट खेळली तर ट्रेड करून ड्राफ्ट पिक मिळवता येतात. जेक वॉलमनचं आठवा. डेट्रॉइटने तो आपल्याला दिला आणि वर दुसऱ्या फेरीचा पिकही दिला. नऊ महिन्यांत एडमंटनने त्याच्यासाठी पहिल्या फेरीचा पिक मोजला!

प्राइसचं वेगळं आहे. प्रत्येक टीमला किमान खर्चही दाखवावा लागतो, यंदा ७ कोटी ६ लाख. प्राइसचे १ कोटी ५ लाख हिशेबात धरले जातात, पण बोनस मॉन्ट्रियलने आधीच दिल्यामुळे खिशातून जाणार फक्त २० लाख. आणि त्यासोबत एक ड्राफ्ट पिकही मिळाला.

फेरारोबद्दल नंतर लिहिते, फोन आलाय.

खडकीकर

काकू, वाचून मजा आली. खडकीत वाढलो, त्यामुळे हॉकी म्हटलं की धनराज पिल्ले आणि मातीचं मैदान. बर्फावरच्या हॉकीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण हे आयपीएलच्या रिटेन्शनसारखंच वाटतंय. तिथे मेगा ऑक्शनच्या आधी जास्तीत जास्त सहा जण ठेवता येतात, बाकीचे लिलावात. इथे असा मोठा लिलाव नसतो का?

विलोग्लेन_काकू

खडकीकर, नसतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. आयपीएलमध्ये दर तीन वर्षांनी पाटी बरीचशी कोरी होते, म्हणून एक चुकलेला करार फार काळ छळत नाही. इथे आठ वर्षांचा करार केला की खेळाडू ३६-३७ वर्षांचा होईपर्यंत तो तुमचाच. फॉर्म गेला म्हणून फुकटात सोडून देता येत नाही.

मात्र तरुण पोरांच्या बाबतीत मी बरोबर उलटं म्हणते. त्यांना वर्षं भरभरून द्या. एक्लुंडला ग्रिअरने २०२६-२७ पासून तीन वर्षं दिली, वर्षाला ५६ लाख. सगळे म्हणाले स्वस्तात मिळाला. मला नाही पटलं. २००२ चा जन्म, खेळ दरवर्षी वाढतोय, कॅप वाढतेय. २०२९ मध्ये तो सव्वीस वर्षांचा असताना पुन्हा बोलणी करायची, म्हणजे ऐन भरात असताना चढ्या भावाने. तिथे आठ वर्षं हवी होती.

आणि आठ वर्षांवरून एक फार महत्त्वाचं, ज्यावर इथे कोणी बोलत नाहीये. खेळाडूंच्या संघटनेशी झालेला नवा करार सप्टेंबर २०२६ च्या मध्यापासून लागू होतोय. त्यानंतर आपल्याच खेळाडूलाही सातच वर्षं देता येतील. सेलेब्रिनी आणि स्मिथ या दोघांशी बोलणी सुरू करता येतात १ जुलै २०२६ पासून. म्हणजे आठ वर्षांचा कागद करायला हातात जेमतेम अडीच महिने! पुढच्या उन्हाळ्यात ग्रिअरने बाकी काही केलं नाही तरी चालेल, हे एक झालंच पाहिजे. मिनेसोटाने काप्रिझोव्हला आठ वर्षांसाठी वर्षाला १ कोटी ७० लाख देऊन भाव कुठे नेऊन ठेवलाय ते पाहिलंच असेल. सेलेब्रिनीने पहिल्याच वर्षी ७० मॅचमध्ये ६३ पॉइंट केले, तेही शेवटच्या नंबरच्या टीममध्ये. तो मागेल ते द्या. १९ वर्षांच्या मुलाचा आठ वर्षांचा करार तिशीच्या आत संपतो, हा फरक कोणी विसरू नये.

मिसिसागा_नितीन

काकू, मुद्दा पटतो, पण तुम्ही ट्रेडच्या बाजूला फारच झुकताय. मी बफेलोपासून गाडीने दीड-दोन तासांवर राहतो. तिथल्या सेबर्स टीमचं जे झालं ते जवळून पाहिलंय. २०२५ पर्यंत सलग १४ सीझन प्लेऑफ नाहीत, लीगच्या इतिहासात एवढा काळ कोणी बाहेर राहिलेलं नाही. दरवर्षी "पुढच्या वर्षी" म्हणत चांगली माणसं विकली. रायन ओ'रायली २०१८ मध्ये उघड बोलला की हरून हरून खेळावरचं प्रेमच आटलं. त्याला सेंट लुइसला पाठवलं, आणि पुढच्याच वर्षी तो कप जिंकून प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आयकल २०१५ चा दुसरा पिक. मानेच्या ऑपरेशनवरून टीमशी वाद झाला, वेगासला गेला, २०२३ मध्ये कप घेतला.

शार्क्सनी मार्चमध्ये झेटरलुंडला ओटावाला दिलं ते मला म्हणूनच खटकलं. आदल्या सीझनला २४ गोल केलेला, पंचविशीचा पोरगा. बदल्यात ओस्टापचुक, ग्रेगर आणि दुसऱ्या फेरीचा पिक. मग ठेवायचं तरी कोणाला? एकोणीस वर्षांच्या पोराने रोज रात्री हरायचं आणि शेजारची माणसं दर मार्चला बदलताना बघायची, हे किती वर्षं चालणार?

विलोग्लेन_काकू

नितीन, झेटरलुंडचं मान्य. त्या ट्रेडवर मीही नाराज आहे. तो सेलेब्रिनीबरोबर वाढण्याच्या वयाचा होता, आणि दुसऱ्या फेरीचा पिक खेळायला लागेपर्यंत चार वर्षं जातात. टॉफोलीसारखा ३३ वर्षांचा माणूस २०२८ पर्यंत ठेवलात, तर पंचविशीचा का विकलात, याचं पटणारं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

पण ओ'रायली गेला तो टीम हरत राहिली म्हणून, फक्त माणसं विकली म्हणून नव्हे. तिथे तरुण पोरांच्या आजूबाजूला खेळ सावरणारी प्रौढ माणसंच पुरेशी नव्हती. म्हणून तर ऑर्लोव्ह आणि वेनबर्ग हवेत. वेनबर्ग असला की समोरच्या टीमच्या मोठ्या सेंटरला तोंड द्यायचं काम त्याच्याकडे जातं, आणि अठरा वर्षांच्या मीसाला थोडं सोपं पडतं. वेनबर्गला अजून दोन-तीन वर्षं खुशाल द्या. मीसाला तर इथेच ठेवा. नऊपेक्षा जास्त मॅच खेळवल्या तर कराराचं पहिलं वर्ष खर्ची पडतं, म्हणून ज्युनियर लीगमध्ये परत पाठवा असं काही जण म्हणतात. तिथल्या सॅगिनॉ टीममध्ये गेल्या सीझनला ६५ मॅचमध्ये १३४ पॉइंट केलेल्या मुलाने परत जाऊन आणखी काय शिकायचं?

आणि आता फेरारो. डावखुरा, २७ वर्षांचा, २०१७ च्या दुसऱ्या फेरीतला, आपल्याच हाताखाली घडलेला. टीम सगळ्यात वाईट असताना एकदाही त्याने अंग चोरलं नाही. जर्सीवर उपकर्णधाराचा ए आहे तो उगाच नाही. पण लीगच्या पहिल्या जोडीत खेळण्याइतका तो नाही, आणि डावीकडे ऑर्लोव्ह, डिकिन्सन, मुखमदुलिन आहेत, शेजारच्या रिंकवर बाराकुडामध्ये, म्हणजे शार्क्सच्या दुय्यम टीममध्ये, कान्योनी वाट बघतोय. मी त्याला तीन वर्षं देईन, फार तर चार. आज ३२ लाख ५० हजार मिळतात, ते ४५ लाख करा, मन मोठं करा. वर्षं मात्र चारच.

फ्रीमाँटचा_बाबा

काकू, मनापासून आभार. लेकीला सगळं वाचून दाखवलं. तिचा लगेच पुढचा प्रश्न आलाय, "आणि त्याने सहा वर्षं मागितली तर?"

विलोग्लेन_काकू

तिला सांगा, मागेलच. बाजारात तो गेला तर कोणीतरी देईलही, आणि त्याने ती घ्यावीत. शरीरावर एवढे पक झेललेल्या माणसाला आयुष्यातला मोठा करार एकदाच मिळतो. पण ती वर्षं आपण द्यायची नाहीत. जानेवारीपर्यंत बोलणी चारवर थांबली नाहीत तर मार्चच्या डेडलाइनआधी त्याला कप जिंकू शकेल अशा टीमकडे पाठवा, आणि बदल्यात उजव्या हाताचा तरुण बचावपटू मागा, पिक नको. पिक आपल्याकडे पुरेसे आहेत, उजव्या हाताचा तरुण बचावपटू टीममध्ये नाही.

पहिल्या मॅचला येताय ना? वेगास येतंय, हर्टलसकट. लेकीला घेऊन वॉर्मअपच्या आधी या, फेरारो काचेजवळून जातो.