पोकिप्सीच्या मोठ्या माणसांत आनंदीबाई जोशी धरायच्या की नाही?

न्यूजर्सीकर: न्यूयॉर्कहून हडसनच्या काठाकाठाने ट्रेनने वर गेलं की दोनेक तासांत पोकिप्सी येतं, वस्ती जेमतेम ३२ हजार. या गावची मोठी माणसं कोण असं विचारलं की तारयंत्रवाला सॅम्युएल मोर्स, कॉलेज काढणारा मॅथ्यू व्हॅसर, सिनेमावाला एड वुड ही नावं लगेच येतात. पण आपल्या डॉ. आनंदीबाई जोशींची रक्षा तिथल्या रूरल सेमेटरी नावाच्या दफनभूमीत आहे, हे आपल्यातल्याही बऱ्याच जणांना माहीत नसतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या पुण्यात गेल्या, बावीसही पूर्ण नव्हती हो, आणि नवऱ्याने, गोपाळरावांनी, रक्षा अमेरिकेत कार्पेंटर मावशींकडे, म्हणजे ज्या अमेरिकन बाईंच्या घरी त्या राहिल्या होत्या त्यांच्याकडे पाठवली, मावशींनी ती आपल्या घराण्याच्या जागेत पुरली, वर दगड लावला. माझं स्पष्ट मत आहे की त्या गावच्या पहिल्या चार-पाच नावांत आनंदीबाई हव्यात.

कल्याणकर: ताई, आनंदीबाईंबद्दल आदर आहेच, पण हे पटत नाही. त्या अमेरिकेत राहिल्या न्यूजर्सीतल्या रोझेलला मावशींकडे, शिकल्या फिलाडेल्फियाला, १८८६ ला एम.डी. तिथेच झाल्या, नोकरी ठरली होती कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात. यात पोकिप्सी कुठे आलं? रक्षा ठेवली म्हणून माणूस त्या गावचं होत नाही. आपलं माणूस म्हणून कुठेही नाव घुसवायची सवय बरी नाही, त्याने खरं काम झाकलं जातं.

न्यूजर्सीकर: मग मोर्सलाही काढा ना! वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार गेली १८४४ ला, आणि त्याने लोकस्ट ग्रोव्हची इस्टेट घेतली १८४७ ला, म्हणजे नाव झाल्यावर तो तिथे आला. एड वुड जन्मला तिथे १९२४ ला पण सिनेमे सगळे हॉलिवूडला. यांना कोणी अडवत नाही, बाईंच्या वेळीच नियम आठवतात.

हडसनकाठी: मी या भागात बरीच वर्षं राहते म्हणून लिहिते. मोर्स निदान तिथे राहिला, घर आजही उभं आहे, लोक बघायला जातात. आणि मला विचाराल तर या गावाची खरी श्रीमंती मोर्स नाहीच, व्हॅसर कॉलेज आहे. मॅथ्यू व्हॅसर बिअर बनवायचा, त्या पैशातून १८६१ ला त्याने मुलींसाठी कॉलेज काढलं, १८६५ ला वर्ग सुरू झाले, आणि खगोलशास्त्र शिकवायला आणली मारिया मिचेलला, जिने १८४७ ला दुर्बिणीतून धूमकेतू शोधला होता. तिच्यासाठी वेधशाळा बांधली. पुढे तिला कळलं की कमी अनुभवाच्या पुरुष प्राध्यापकांना जास्त पगार मिळतो, तर तिने भांडून वाढवून घेतला. कंप्युटरवाल्या ग्रेस हॉपर १९२८ ला तिथूनच पदवी घेऊन निघाल्या आणि नंतर तिथेच गणित शिकवलं. याला म्हणतात गावाशी नातं! काटेकोर बघायला गेलं तर कॉलेज आणि मोर्सचं घर दोन्ही शहराच्या हद्दीबाहेर, शेजारच्या त्याच नावाच्या टाउनमध्ये येतात, पण ते सोडा.

सातारी: माझं वेगळंच मत. रक्षा परत आणावी. कल्याणला स्मारक करावं. परक्या मातीत कशाला?

न्यूजर्सीकर: दादा, परक्या कशा? नवऱ्याने स्वतः पाठवली, आणि ज्या बाईला त्या मावशी म्हणायच्या तिच्या माणसांत ती आहे. ते मोडायचा हक्क आपल्याला नाही.

हडसनकाठी: परत आणण्याला माझाही विरोध. त्याच सेमेटरीत मॅथ्यू व्हॅसरलाही पुरलंय, मुलींच्या शिक्षणावर आपली कमाई लावणारा माणूस. आनंदीबाईंच्या दगडावर मात्र 'शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री' अशा अर्थाचं कोरलंय. नावापुढे एम.डी. आहे पण ओळख जातीची, हे मला फार खटकतं.

कल्याणकर: त्या काळात समुद्र ओलांडणं म्हणजे जातीबाहेर जाणं होतं, त्यासाठीच लिहिलं असणार, त्यात खटकण्यासारखं काय? उलट नुसतं 'डॉक्टर' लिहिलं असतं तर काय सोसलं ते अमेरिकन माणसाला कळलंच नसतं.

हडसनकाठी: सोसलं ते आजारपण आणि थंडीसुद्धा, ते कुठंय दगडावर? आणि अजून एक, मोर्स १८३६ ला न्यूयॉर्कच्या महापौरपदाला उभा राहिला तो बाहेरून येणाऱ्यांच्या विरोधातल्या पक्षाकडून, गुलामगिरीचंही समर्थन करायचा. त्याचा बंगला सेमेटरीला लागूनच. त्याचं नाव पहिलं घेता आणि बाईंचं नको?

कल्याणकर: मोर्सची वकिली मी करतच नाहीये. माझा मुद्दा कुठे काम केलं हा आहे. त्या हिशोबाने नाव लावायचंच तर थिओडिशिया कार्पेंटरचं लावा! मिशनरी मासिकात आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी मदत मागणारं गोपाळरावांचं पत्र छापून आलं, संपादकाने खाली 'ख्रिस्ती व्हा' असा सल्ला दिला, आणि ते वाचून या बाईने धर्माची अट न घालता पत्र पाठवलं, घरात ठेवून घेतलं, शेवटी रक्षेलाही आपल्या घराण्यात जागा दिली. पोकिप्सीशी आपला जो काय धागा आहे तो या बाईमुळे, आणि तिचं नाव इथे या चर्चेतही कोणी यादीसाठी सुचवलं नाही.

न्यूजर्सीकर: कार्पेंटर मावशींचं मान्य, एकदम मान्य. पण त्यांच्यासोबत आनंदीबाई हव्यातच, यावर मी ठाम आहे.