मदत हवी आहे: इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सची रिअर व्हील ड्राइव्ह करायचीये, सेंटर डिफचं काय करू?

तिरकी_चाल

नमस्कार मंडळी,

गाडी सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स, जीडी बॉडी (दुसरी पिढी), ईजे२० टर्बो इंजिन, पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. इंजिनची ताकद चारही चाकांना जाते (ऑल व्हील), मला ती फक्त मागच्या चाकांना हवीये (रिअर व्हील). आता ही गाडी रोजच्या वापरात नाही, ट्रॅकवर नेणार आणि ड्रिफ्ट (मागची चाकं घसरवत गाडी तिरकी चालवणं) शिकणार एवढंच, त्यामुळे "कशाला चांगल्या गाडीची वाट लावतोस" हे सोडून बाकी काहीही बोला, ते घरच्यांनी आणि मित्रांनी मनसोक्त ऐकवून झालंय.

ओळखीतले जे जे गाड्यांमधलं कळतं म्हणतात ते सगळे एकच सांगतायत की पुढचे दोन्ही एक्सल (चाकांपर्यंत ताकद नेणारे दांडे) काढ, झाली रिअर व्हील. पण मला हे पटत नाहीये. मध्ये सेंटर डिफ (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा डिफरन्शियल) आहे ना, मग पुढची बाजू मोकळी सोडली तर सगळी ताकद तिकडेच नाही का जाणार? मागची चाकं फिरवायला जोर लागतो, पुढे नुसता स्टब (एक्सल ज्यावर बसतो तो तुकडा) फिरायचाय, डिफ तर सोपी वाट बघणार.

तर विचारायचं हे की
१) सेंटर डिफ वेल्ड करून लॉक करू की त्याच्या जागी स्पूल (दोन्ही बाजू एकत्र बांधणारा ठोस तुकडा) टाकू?
२) पुढचे एक्सल काढल्यावर हब बेअरिंगला (चाक ज्यावर बसतं त्या हबच्या) काही होतं का? कुठेतरी ऐकलंय पण कारण कोणी धड सांगत नाही.
३) मागचा आर१६० डिफ टिकेल का, की एसटीआयचा (इम्प्रेझाचं जास्त ताकदवान मॉडेल) मजबूत आर१८० शोधायला लागू?

---

पाना_दहाचा

एवढं कशाला खोलताय, सुबारूमध्ये एक फ्यूज असतो तो टाकला की टू व्हील होते की. मामाच्या गाडीत होता.

---

क्राऊन_पिनियन

@पाना_दहाचा तो फ्यूज जुन्या ऑटोमॅटिकमध्ये असायचा आणि तो मागची चाकं सोडतो, म्हणजे गाडी फ्रंट व्हील होते राव, बरोब्बर उलटं! आणि मॅन्युअलमध्ये तो प्रकारच नाही. फ्यूज काढून रिअर व्हील होण्याची सोय निसान स्कायलाइन जीटीआर आर३२ ची, कारण तिथे मागची चाकं थेट जोडलेली असतात आणि पुढे ताकद पाठवायला वेगळा मल्टिप्लेट क्लच असतो, त्याचा कंट्रोल बंद पाडला की पुढचं सुटतं. इम्प्रेझाची रचनाच वेगळी.

@तिरकी_चाल तुझी शंका एकदम बरोबर आहे, आणि खरं सांगू का, या सगळ्या कामात कळीचा मुद्दा तोच आहे, बाकी नटबोल्ट. तुझ्या गिअरबॉक्समध्ये सेंटर डिफ आणि त्याला जोडून व्हिस्कस कपलिंग आहे, नॉर्मलला ताकद पुढे-मागे ५०:५०. पुढचे एक्सल काढून गाडी सोडलीस की पुढचा स्टब गरागरा फिरणार आणि मागे जी काय ताकद जाईल ती फक्त कपलिंगमधल्या सिलिकॉन तेलाच्या घर्षणाने जाणार. गाडी रडतखडत हलेल, लोक म्हणतील बघ चालली की, आणि तेवढ्यात कपलिंग तापून कामातून जाईल. म्हणून आधी सेंटर लॉक, मग एक्सल.

वेल्ड की स्पूल तर स्पूल. वेल्डिंग स्वस्त पडतं हे मान्य पण गिअरबॉक्स आणि पुढचा डिफ यांचं तेल एकच आहे, वेल्डचा एक कण जरी सुटला तरी तो गिअरमधून, बेअरिंगमधून, सगळीकडे फिरून येणार. सेंटर डिफ मागच्या हाउसिंगच्या बाजूने निघतो, मेन केस फोडायला लागत नाही, त्यामुळे स्पूल बसवणं वाटतं तेवढं अवघड नाही. आणि लॉक केल्यावर पुढचे एक्सल जागेवर ठेवून "जरा एक चक्कर मारून बघू" असं कोरड्या डांबरावर अजिबात करू नकोस, वळताना पुढच्या-मागच्या चाकांचा वेग वेगळा असतो, तो फरक मग कुठेच जिरत नाही आणि सगळं पिळलं जातं.

पुढचा डिफ आत तसाच राहू दे. काही जण त्यातले क्राऊन पिनियन (डिफचे मुख्य गिअर) पण काढतात, मला त्यात अर्थ वाटत नाही कारण तुझ्या गिअरबॉक्सचा स्पीडोमीटर त्याच बाजूने चालतो. शिवाय या गिअरबॉक्सला स्टब बाहेर आलेले असतात, एक्सल त्यावर चढवून रोल पिन मारलेली असते, म्हणजे एक्सल काढला तरी तेल गळत नाही.

---

रबर_जाळ

हबचं मी सांगतो. पुढच्या हबचं बेअरिंग एक्सलच्या टोकाच्या नटने आवळून धरलेलं असतं. एक्सल पूर्ण काढून मोकळा हब चालवलास तर बेअरिंगला धरून ठेवणारं काही उरत नाही, आधी खडखड येणार आणि मग चाक गेलंच समज. जुना फाटक्या रबरी बूटचा एक्सल घ्यायचा, बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी त्याला फिरवणारा सांधा) खोलून आतले बॉल-केज काढून टाकायचे, फक्त कप आणि स्प्लाइनवाला तुकडा हबमध्ये ठेवायचा, नट वर्कशॉप मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळायचा. अंदाजाने नको, टॉर्क रेंचच वापर. फायदा असा की सीव्ही जॉइंटची अडचण गेली की स्टिअरिंग अँगल वाढवायला जागा मिळते, ड्रिफ्टला तेच तर पाहिजे.

डिफ म्हणशील तर आर१६० शिकण्यापुरता चालेल, पण आतला व्हिस्कस एलएसडी (एकच चाक फुकट फिरू नये म्हणून असलेली सोय) ड्रिफ्टला ढिला पडतो, एक चाक फिरतं आणि दुसरं बघत बसतं. क्लचवाला मेकॅनिकल एलएसडी टाक. आर१८० घेतलास तर नुसता डिफ घेऊ नकोस, एक्सल आणि हब पण एसटीआयचे घे नाहीतर जुळवाजुळवीत जीव जाईल.

---

तिरकी_चाल

दोघांचे खूप आभार, क्राऊनदादा तुमचं तर प्रिंट काढून गॅरेजच्या भिंतीवर लावतो. आर१८० चा पूर्ण सेट एके ठिकाणी मिळतोय पण तो ३.९ रेशोचा (गिअरचं प्रमाण) आहे आणि माझा मागचा डिफ ३.५४५ चा, मग चालणारच नाही ना? आणि पाच गिअरचा हा डबा म्हणजे काचेचा म्हणतात, सगळा लोड मागे गेल्यावर फुटेल का?

---

क्राऊन_पिनियन

चालेल. तुझ्या डब्यात मागे जाताना १.१ चा ट्रान्सफर गिअर आहे, ३.५४५ ला १.१ ने गुण, ३.९ येतात, म्हणजे पुढच्याशी जुळतं. ऑल व्हीलमध्ये तिथे ३.९ चा डिफ लावला असतास तर पुढचं-मागचं भांडण होऊन काहीतरी तुटलंच असतं. आता पुढे कोणी नाहीच भांडायला! एकूण ४.२९ होईल, गिअर दहा टक्के आखूड, ड्रिफ्टला उलट बरं. स्पीडो मात्र तेवढाच जास्त दाखवेल. तरी घ्यायच्या आधी डिफवरचा टॅग बघ, देशागणिक रेशो वेगळे होते.

गिअरचं म्हणशील तर उलट सुख आहे. ऑल व्हीलमध्ये चारही चाकं घट्ट धरतात आणि जोराचा लाँच मारला की सगळा झटका गिअरच्या दातांवर येतो, रिअर व्हीलमध्ये दाताआधी टायर सुटतो. फक्त तो ट्रान्सफर गिअर, प्रॉपशाफ्ट (मागे ताकद नेणारा लांब दांडा) आणि त्याचं मधलं बेअरिंग आता अर्ध्याच्या ऐवजी पूर्ण टॉर्क सोसणार, ते आत्ताच तपासून घे.

एक गोष्ट तुला आधी माहीत असू दे. इंजिन पुढच्या एक्सलच्या पण पुढे लटकतंय, वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग पुढेच राहणार. सुबारूने २०१२ साली बीआरझेड ही रिअर व्हील गाडी काढली तेव्हा पुढचा डिफ नसल्यामुळे त्यांना इंजिन मागे आणि खाली सरकवता आलं, तुला ते जमणार नाही. त्यामुळे मागे ग्रिप कमी, आधी टायर आणि सस्पेन्शन बघ, टर्बोचा बूस्ट वाढवायच्या मागे लागू नकोस.

---

रबर_जाळ

आणि ओल्यात खालचा गिअर टाकताना जपून. आधी इंजिन ब्रेकिंग चारही चाकांत वाटलं जायचं, आता सगळं मागच्या दोनावर येणार, क्लच झटक्यात सोडलास की मागचं बूड पुढे यायला बघतं.

---

तिरकी_चाल

मग एबीएसचा फ्यूज काढून टाकू का? ट्रॅकवरचे बरेच जण काढतात.

---

रबर_जाळ

लगेच नको. गाडीत ईबीडी (पुढच्या-मागच्या ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा) असेल तर फ्यूजबरोबर ते पण जाईल आणि मागची चाकं लवकर लॉक होतील. आधी आहे तसं चालव, मोकळ्या जागेत कमी स्पीडला जोरात ब्रेक मारून बघ काय होतंय, मग इथेच येऊन सांग.