उत्तर: पोळी-भाजी केंद्रासाठी गुमास्ता परवाना

पोळी-भाजी केंद्र सुरू करताना कोणते परवाने लागतात, या प्रश्नावर आधी एकाने लिहिले आहे की अन्न नोंदणी (खाद्यपदार्थ विकण्यासाठी FSSAI कडे करायची नोंदणी) आधी करून घ्यावी; ते मत पटते. मात्र गुमास्ता परवान्यासाठी, म्हणजे दुकान-व्यवसायाच्या नोंदणीसाठी, एजंटाला पैसे द्यावेच लागतात आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण होते, हे त्यांचे म्हणणे महाराष्ट्रात आता खरे नाही. 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार दोन-चार माणसांच्या व्यवसायाला नोंदणी प्रमाणपत्र लागत नाही. व्यवसाय सुरू झाल्यापासून 60 दिवसांत ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते, तीच पुरावा. आमच्या केंद्राचे चालू खाते उघडताना बँकेतील कारकुनाने त्या पावतीकडे पाहून ‘शिक्का कुठे आहे?’ असे विचारले होते, तेव्हा अधिनियमातील या सूचनेविषयीच्या कलम 7 ची प्रत सोबत ठेवलेली बरी. अन्न नोंदणीचा 14 अंकी क्रमांक मात्र डब्याच्या लेबलावर छापावाच लागतो.